62 टक्क्यांचा तो मेसेज

‘पीटीएसडी असलेल्या शंभरपैकी 62 तरुणांना पक्षाघात होतो, अमेरिकेत सिद्ध झालंय’ असा मेसेज फिरतोय. (पीटीएसडी म्हणजे भीषण प्रसंगांनंतर जडणारा मानसिक आघाताचा आजार.) मेसेजमागचा अभ्यास खरा आहे. अर्थ साफ चुकीचा.

इराक-अफगाणिस्तान युद्धांत सेवा केलेल्या 9,87,855 अमेरिकी सैनिकांच्या (सरासरी वय 30) 13 वर्षांतल्या नोंदींवरचा हा अभ्यास 2019 मध्ये ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात आला. त्यात मेंदूची रक्तवाहिनी तुंबून झालेला पक्षाघात आढळला एकूण 1,877 जणांना, म्हणजे हजारी दोनहूनही कमी. 62 टक्के हा आकडा तुलनेचा आहे: पीटीएसडी नसलेल्या सैनिकांपेक्षा, तो असलेल्यांना या पक्षाघाताचा धोका तेवढा जास्त. धूम्रपान, रक्तदाब, इतर मानसिक आजार असं सगळं हिशेबात धरलं की तो 36 टक्क्यांवर येतो. मेसेजमधून नेमका हाच आकडा गायब आहे! खरं तर दखल घ्यायची ती त्याचीच, कारण नेहमीची कारणं वजा करूनही काहीतरी उरतंच.

अर्थात, नोंदींवरून संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शिवाय यात बहुतांश पुरुष होते, तेही सैनिक. पीटीएसडी असेल तर उपचार चालू ठेवा, रक्तदाब तपासत राहा, सिगारेट सोडा.