बे एके बे आणि बुडबुडे

डॉक्टरांनी माझे गुडघे दाबून पाहिले, वजनकाट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालणं बंद. आता पोहा." नागपुरी माणसाच्या डोळ्यांसमोर हा शब्द ऐकला की आधी पोह्यांवरची झणझणीत तर्री येते. ती यायच्या आत त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, "रोज एक किलोमीटर."

मे महिना होता, पारा 45 च्या घरात. अशा दिवसांत सकाळी सहाला गार पाण्यात उतरायला कुणाची हरकत असणार? पोहायचा त्रास झालाच नाही. त्रास झाला तो मोजण्याचा.

आमचा तलाव 25 मीटरचा. म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत 40 वेळा. पण फेरी म्हणायचं कशाला, यावर पहिल्याच दिवशी वाद. कोच म्हणाले, एकदा पलीकडे गेलं की एक लॅप. शेजारच्या लेनमधले लाल टोपीवाले काकाजी म्हणाले, "वापस आल्याशिवाय फेरी कशी होते जी? बर्डीवर गेले तं तिथंच राहता का?"

मला काकाजींचं पटलं. जाऊन-येऊन फेरी एक, पण लांब्या दोन, म्हणून बेचा पाढा धरला. उथळ भिंतीला हात लागला की आकडा सम असलाच पाहिजे, एवढी तरी खात्री राहते. पण त्यामुळे माझी चूक कधी एकाची होत नाही, थेट दोनाची होते. शिवाय नागपुरात 'बे' हा आकडा कमी आणि हाक जास्त. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक... काय बे, कूलरमध्ये पाणी टाकलं का बे? पंप जळला तर? बाहेर तोंड काढेपर्यंत पाढा बुडबुड्यांत गेलेला. एखाद्या दिवशी बे दाहे वीसपर्यंत सुखरूप पोचलोच, तर पाढा तिथं संपतो आणि 40 साठी पुन्हा म्हणावा लागतो. मग तेराव्या मिनिटाला प्रश्न पडतो, हा पहिल्यांदा चालू आहे की दुसऱ्यांदा?

मग मेट्रो धरली. प्रत्येक फेरीला ऑरेंज लाइनचं एक स्टेशन. ऑटोमोटिव्ह चौक, नारी रोड, इंदोरा, कडबी चौक, गाडी झकास चालली होती. सीताबर्डीला डोक्यानं परस्पर गाडी बदलली आणि काँग्रेसनगर यायच्या जागी झाशी राणी चौक आला. शंकरनगरपर्यंत गेल्यावर लक्षात आलं की आपल्याला खापरीला जायचं होतं.

काठावर दहा खडे मांडून पाहिले, ते सफाईवाल्या मावशींनी पाइपच्या एका फवाऱ्यात नेले. आईचं जप मोजायचं, बोटात घालायचं यंत्र गुपचूप आणलं, ते चौथ्या फेरीला गतप्राण झालं. "माझा जप बुडवलास मेल्या," आई म्हणाली. शब्दशः खरं होतं.

शेवटी घड्याळ घेतलं. हात कसा हलतो आणि वळताना कसा थांबतो, यावरून ते फेरी ओळखतं. हातात फळी धरून नुसते पाय मारले तर त्याच्या मते मी झोपलेलो असतो. मध्येच थांबून गॉगल नीट केला की ते खुशाल एक फेरी बहाल करतं. तरी मी खूश होतो, कारण पहिले पंधरा दिवस ते रोज दोन किलोमीटर दाखवत होतं. सोसायटीच्या ग्रुपवर मी तसं टाकलंही. मग भाच्यानं सेटिंग उघडलं. त्यात तलावाची लांबी 50 मीटर होती. ग्रुपवरचा तो मेसेज मी अजून काढलेला नाही. कोण विचारतं?

तसा हा दोष माझ्या एकट्याचा नाही. ऑलिम्पिकमध्ये 1500 मीटरला 50 मीटरच्या तलावाच्या 30 लांब्या असतात. तिथं भिंतीजवळ आकडा दाखवायची सोय असते आणि शेवटच्या दोन लांब्या उरल्या की घंटा वाजते. पदकवाल्यांना घंटा लागते, आणि मी तर पेन्शनच्या उंबरठ्यावरचा माणूस.

म्हणून मी माझ्यापुरती घंटा शोधली होती. काकाजी. वीस वर्षांपासून पोहतात, दम एकसारखा, वेग एकसारखा. लाल टोपी थांबली की आपलेही वीस झाले समजायचं आणि बाहेर यायचं. गेले दोन महिने हिशेब चोख होता.

परवा पोह्याच्या गाडीवर ते भेटले. तर्री ओतून घेत मी सहज विचारलं, "काकाजी, तुम्ही मोजता कसे?"

"मोजतो कायले?" ते म्हणाले. "तुम्ही थांबले का आपणही थांबतो. तुमच्या हातात घड्याळ आहे ना, भाऊ."