ताटावरनं उठू नये

मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि जाताना आपला प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, साताऱ्यात ठेवून गेला. "रूमवर चोरीला जाईल, पप्पा. तुम्ही लावत जा अधूनमधून, नाहीतर धूळ बसून बिघडेल." धुळीवर आमच्या घरात पिढीजात एकच उपाय आहे, वर जुनी साडी टाकणे. तो केला. पण पावसाळा लागला, बाहेर पडायची सोय राहिली नाही, आणि एका रविवारी मी साडी बाजूला केली.

"तुम्हाला गोळ्या मारायचं जमायचं नाही," मुलगा फोनवर म्हणाला. "तुम्ही गोष्टीचे गेम खेळा. त्यात पळापळ कमी. मधेमधे फक्त ठरवायचं असतं. ठरवाल तशी गोष्ट फिरते, शेवटही वेगवेगळे होतात."

फक्त ठरवायचं! बावन्न वर्षांत मी स्वतः ठरवलेली एकमेव मोठी गोष्ट म्हणजे कॉमर्सला जाणं, आणि तेही सायन्सचे फॉर्म संपले होते म्हणून. पोवई नाक्याला ग्रेड सेपरेटर, म्हणजे चौकाखालचे भुयारी रस्ते, झाल्यापासून मी त्यात उतरायच्या आधी स्कूटर कडेला घेऊन सगळ्या पाट्या वाचतो, आणि तरीही भलत्याच रस्त्याला वर निघतो. मग आलोच आहे तर म्हणून तिथल्याच भाजीवाल्याकडून भाजी घेतो. आमच्या घरी कुठली भाजी व्हायची हेसुद्धा असंच ठरतं.

पहिला गेम लावला तो 'डेट्रॉइट: बिकम ह्यूमन'. गेम २०१८ सालचा, गोष्ट २०३८ सालची. शेजारी बायको मटार सोलत बसलेली, पलीकडे आई जपाची माळ घेऊन. पडद्यावर मी म्हणजे पोलिसांचा यंत्रमानव. बिघडलेला दुसरा यंत्रमानव एका लहान मुलीला धरून इमारतीच्या गच्चीच्या टोकावर उभा. मी लगबगीने घरात शिरलो, तर फुटलेल्या काचेतून बाहेर पडलेला एक मासा फरशीवर तडफडत होता.

"आरं, त्यो मासा टाक की पाण्यात," आई म्हणाली.

"आई, वर पोरगी मरायला टेकलीय!"

"पोरगी वर हाय, मासा हितं हाय."

यावर मला उत्तर सुचलं नाही. मासा पाण्यात टाकला. बायकोने मटाराचा हात थांबवून "बरं केलंत" म्हटलं. माझ्या एखाद्या निर्णयाला घरातून अशी दाद लग्नानंतर पहिल्यांदा मिळाली.

या गेमची खोड अशी की प्रत्येक प्रकरण संपलं की तो आपल्यापुढे वंशावळीसारखा एक तक्ता टाकतो. आपण कुठून कुठे गेलो ते उजळ चौकटींत, आणि जिथे गेलो नाही तिथे नुसत्या कुलपाच्या चौकटी. बायकोला कुलूप सहन होत नाही. शेजारच्यांच्या घराला दोन दिवस कुलूप दिसलं तर ती तिसऱ्या दिवशी माहिती काढून येते. "ह्यात काय आहे?" म्हणाली. मी सांगितलं, आपण जे केलं नाही ते आहे. "मग करून बघा की!" एकाच मुलीला मी त्या गच्चीवरून चार वेळा वाचवायला गेलो. मासा मात्र चारही वेळा आधी.

पुढे एक मोलकरीण यंत्रबाई लहान मुलीला घेऊन पळते. रात्र, पाऊस, अंगावर यंत्रांचा गणवेश. लॉजमध्ये यंत्रांना प्रवेश नाही, म्हणजे माणसांचे कपडे हवेत, आणि भाड्याला पैसे. कपडे लॉन्ड्रीतले चोरायचे, पैसे दुकानातले. नाहीतर रात्र पडक्या घरात किंवा मोडक्या गाडीत. माझी बायको म्हणजे भाजीवाल्याने पाच रुपये जास्त परत दिले तर मंडईत उलटी चालत जाणारी बाई. मी तिच्याकडे पाहिलं. "घ्या ते कपडे!" ती ओरडली. "गल्लापण बघा! पोर भिजतंय, दिसत नाही का?" मी चोरी केली. तिने कपाळाचा घाम पुसला आणि सोललेले मटार चुकून सालांच्या पिशवीत टाकले.

खरा जीव घेतला तो 'द वॉकिंग डेड'ने. २०१२चा गेम, भागाभागांनी आलेला. माणसं मेल्यावर उठून चावत सुटलेली असतात, पण त्यांचा त्रास तेवढा नाही. त्रास आहे तो जिवंत माणसांशी बोलण्याचा. समोरचा काही विचारतो, खाली चार उत्तरं येतात, आणि त्यांच्याबरोबर एक पट्टी आकसत जाते. पट्टी संपायच्या आत बोलायचं. गप्प बसलात तर तेही उत्तरच धरलं जातं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अठरा वर्षं मी याच चौथ्या पर्यायावर काढली आहेत. तो कोणी मोजत असेल असं वाटलं नव्हतं.

त्यात आमची घरगुती अडचण. उत्तरं इंग्रजीत. मी ती आईला मराठीत सांगणार, ती म्हणणार, "आधी ह्यो कोण, त्ये सांग." तो कोण हे बायको सांगणार. मग आई निवाडा देणार. आईचं माहेर क्षेत्र माहुली. नारायणरावाच्या खुनाबद्दल खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. तिथल्या माणसाला निवाड्याची घाई नसते. रामशास्त्र्यांनाही कोणी आकसती पट्टी लावली नसणार. निवाडा येईस्तोवर पट्टी संपलेली, मी गप्प राहिलेलो, आणि पडद्यावरची माणसं एकमेकांकडे बघत असलेली.

एका ठिकाणी मात्र पट्टी नव्हती. तो प्रसंग शिधावाटपाचा. जिन्नस चार: चीज-बिस्किटांचे दोन पुडे, अर्धं सफरचंद, वाळवलेल्या मांसाचा एक तुकडा. खाणारी तोंडं त्याच्या दुपटीहून जास्त. मी वाटणार. चर्चा पाऊण तास चालली. पोरांना आधी, यावर एकमत. तिसरा जिन्नस आईने एका खवट म्हाताऱ्याला द्यायला सांगितला. बायको उसळली, "आई, गेल्या भागात ह्यानंच बुक्की मारून ह्यांना मरायला सोडलं होतं!"

"तोंडाचा वाईट असला तरी म्हातारा हाय. म्हाताऱ्याला उपाशी ठेवत न्हाईत," आई म्हणाली. हे वाक्य ती माझ्याकडे न बघता म्हणाली, पण बायकोने त्या संध्याकाळी तिच्या ताटात एक पोळी जास्त वाढली.

भागाच्या शेवटी जगभरातल्या किती टक्के खेळणाऱ्यांनी आपल्यासारखंच केलं ते दाखवतात. आम्ही बहुतेक वेळा थोड्या लोकांत निघतो. "बाकीच्यांना वळण न्हाई," आई म्हणते.

आणि याच गेममध्ये ती कुप्रसिद्ध ओळ. तुम्ही काही बोललात की कोपऱ्यात अक्षरं उमटतात: क्लेमेंटाईन हे लक्षात ठेवेल. क्लेमेंटाईन म्हणजे आपण सांभाळत असलेली चिमुरडी. जगभर या ओळीचं केवढं कौतुक झालं! मला कळेना, यात नवीन काय? आमच्या कोरेगावच्या आत्याने २००३ सालच्या माझ्या लग्नातली आहेराची साडी लक्षात ठेवली आहे. रंग, काठ, आणि वाईच्या मावशीला दिलेल्या साडीपेक्षा ती किती रुपयांनी हलकी होती ते सगळं. फरक एवढाच की आत्याच्या बाबतीत कोपऱ्यात अक्षरं उमटली नाहीत. उमटली असती तर तिथल्या तिथे बदलून दिली असती.

रात्री सगळे झोपले की मी एक पाप करायचो. चुकलेला निर्णय पुसायचा, जुन्या सेव्हवरून, म्हणजे आधी जपून ठेवलेल्या जागेपासून, परत सुरू करायचं. 'अंडरटेल' नावाचा २०१५चा गेम आहे, दिसायला अगदी बाळबोध. त्यात आईसारखी माया करणारी एक बाई माझ्या हातून मारली गेली. वाईट वाटलं, मागे गेलो, या वेळी तिला जगवलं. पुढे एक फूल भेटलं, आणि ते मला म्हणालं की तू काय केलंस ते मला माहीत आहे, आधी मारलंस आणि मग पस्तावून परत आलास. रात्री साडेअकराला, अंधारात, एक फूल! मी टीव्ही बंद करून आईच्या खोलीत डोकावून आलो. ती घोरत होती.

'निअर: ऑटोमाटा'बद्दल फार बोलत नाही. त्याला ए ते झेड असे २६ शेवट आहेत, आणि त्यातला एक बांगडा खाल्ल्याने होतो. खाल्ला, संपलात. आमच्याकडे बांगड्याने फार तर शनिवार बाटतो.

दिवाळीला मुलगा आला आणि 'फार क्राय ४' लावून दिला. हा गोळीबाराचाच, २०१४चा. "आता तुमचा हात बसलाय, पप्पा," म्हणाला आणि मित्रांबरोबर चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला गेला. गोष्ट अशी: हिमालयातला एक काल्पनिक देश, आणि एक तरुण आईच्या अस्थी घेऊन तिथे आलेला. तिची शेवटची इच्छा म्हणून.

"अस्थी? मग आमच्या माहुलीला न्यायच्या की," आई म्हणाली. "किष्णा हाय, वेण्णा हाय. एवढ्या लांब?" मी सांगितलं, तिचं माहेर तिकडं. आईचे डोळे भरले. "पोरगं गुणाचं हाय," म्हणून ती देवापाशी दिवा लावायला गेली.

त्या दहा मिनिटांत पडद्यावर बसवर गोळीबार झाला, गुलाबी कोटातला हुकूमशहा हेलिकॉप्टरने उतरला आणि त्याने आपल्याच शिपायाला पेनाने भोसकून मारलं. आई परत आली तेव्हा आम्ही मोठ्या घरात जेवायच्या टेबलावर होतो आणि गुलाबी कोटवाला अगदी अदबीने सांगत होता, इथंच बस, खाऊन घे, मी आलोच. आणि बाहेर गेला.

मी उठायला बटण दाबणार तोच आई म्हणाली, "कुठं निघालास?"

"पळून जायचंय, आई. इथनंच खेळ सुरू होतो."

"त्यानं बस म्हटलंय न्हवं? ताटावरनं उठू नये माणसानं."

"अगं, तो राक्षस आहे! आत्ता एका माणसाला इथनं पकडून नेलाय!"

"त्यांच्या घरचं भांडण आसंल. आपण पाव्हणं. मधी पडू नये."

मी बटणावरचा अंगठा काढला. आम्ही बसलो. पाच मिनिटं झाली. पडद्यावर रिकाम्या खुर्च्या. बायको चकल्या घेऊन आली, तिनेही विचारलं, कशाची वाट बघताय? आई म्हणाली, यजमान येणारेत. दहा मिनिटं झाली. आईने मला तिच्या मामाच्या वरातीत नवरदेव पंगतीतून उठून गेल्याने काय रामायण झालं ते सांगितलं. पाव तास होत आला, आणि देवाशपथ सांगतो, दार उघडून गुलाबी कोटवाला परत आला. उशिराबद्दल माफी मागितली. सभ्य माणसासारखा थांबलास म्हणून आभार मानले. मग स्वतः त्या मुलाला हव्या त्या जागी घेऊन गेला. मुलाने आईच्या अस्थी ठेवल्या. पडद्यावर नावं वर सरकायला लागली.

आईने हात जोडले. "झालं बाई सुखरूप. तेराव्याला थांबणार का त्यो?"

मुलगा दारात चप्पल काढत होता. "पप्पा, ही नावं कसली? काय दाबलंत?"

"काही नाही दाबलं. संपला गेम."

"संपला? मी बारावीच्या सुट्टीत दोन महिने खेळलोय हा! चौक्या जिंकल्या, मनोऱ्यांवर चढलो, हत्तीवर बसून लढलो!"

"तू उठला आसशील ताटावरनं," आजी म्हणाली.

त्याने मोबाइल काढला, काहीतरी शोधून वाचलं, आणि बराच वेळ आजीकडे नुसता बघत राहिला. तेवढ्यात बायकोने आतून पानं घेतल्याची हाक मारली.

पहिला घास तोंडात जातोय तोच बाहेरच्या खोलीत माझा फोन वाजायला लागला. दाराच्या कडेने नाव दिसत होतं. कोरेगावची आत्या, पाडव्याचा फोन. मी आईकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे पाहिलं, मुलाने ताटाकडे. कोणी हललं नाही. फोन वाजून वाजून थांबला.

आत्या हे लक्षात ठेवेल.