'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

टोकियोत, निशी-कासाईजवळच्या एका छोट्या उदोनच्या (गव्हाच्या जाड नूडल्सच्या) दुकानात नऊ महिन्यांच्या लेकीला घेऊन जेवलो, त्या लेखावर 'स्पष्टवक्ता' अशा टोपणनावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एवढ्याशा दुकानात तान्हं मूल नेणं म्हणजे ते इतरांच्या डोक्यावर लादणं, जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, त्याचा मी फायदा घेतला, बाळाला बाहेरचं खारट खायला घातलं, फोटोत एका गिऱ्हाइकाचा चेहरा दिसतोय. आणि शेवटी, "दोन वर्षं घरी जेवलं असतं तर काय बिघडलं असतं? आमच्या पिढीने हौस बाजूला ठेवूनच मुलं वाढवली."

फोटोचं बरोबर आहे. अनोळखी माणसाचा चेहरा असा टाकायचा नसतो, इथे तर नाहीच. मला कळायला हवं होतं. काल रात्रीच काढून टाकला. आभार.

आता बाकीचं. स्पष्ट बोलणं वेगळं आणि खवचट बोलणं वेगळं. "हौस भागली का एकदाची?" अशी सुरुवात करणाऱ्याला चर्चा करायची नसते, टोचायचं असतं. तुम्ही काका आहात की काकू, नावावरून कळत नाही. जे कोणी असाल, समोर बसून हे वाक्य बोलला असतात का?

हौस. जरा थांबू या शब्दाशी. बाळंतपणाला आई आली ती नव्वद दिवसांच्या व्हिसावर, आणि मोजून नव्वदाव्या दिवशी परत गेली. इथे बाळाच्या शंभराव्या दिवसाच्या सुमारास ओकुइझोमे करतात, आपल्या उष्टावणासारखंच. फरक इतकाच की बाळ काही खात नाही, नुसता घास ओठांना लावतात. देवळातून आणलेल्या खड्याला चॉपस्टिक टेकवायची आणि ती हळूच हिरडीला लावायची, दात घट्ट यावेत म्हणून. हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने करायचं असतं. आमच्या घरात वडीलधारं कोणी उरलं नव्हतं. शेजारच्या आजींनी केलं. हात थरथरत होता त्यांचा, दोनदा खडा निसटला.

त्यानंतर पाच-सहा महिने मी एका खोलीत होते. नवरा रात्री दहाला यायचा. तुमच्या पिढीने हौस बाजूला ठेवली असेल, पण त्या पिढीच्या घरात सासू होती, जाऊ होती, वरच्या मजल्यावर हाक मारली की येणारी कोणीतरी होती. माझ्याकडे रांगणारी पोर होती आणि खिडकीतून दिसणारी मेट्रो होती. तेव्हा त्याच आजी म्हणाल्या, कोपऱ्यावर उदोनचं दुकान आहे, साडेपाचला उघडतं, गर्दीच्या आधी जा. ही माझी हौस!

आणि खाणावळीतली शिस्त मला शिकवू नका. माझ्या आईची मिरजेत खानावळ होती. दवाखान्यात पेशंट घेऊन आलेली माणसं जेवायला यायची, कडेवर पोर, हातात फाइल. मी गल्ल्यामागे तांदळाच्या पोत्यावर झोपून मोठी झाले. रडणारं पोर घेऊन आलेल्या बाईला आई आधी ताट वाढायची, कारण तीच आधी उठून जाईल हे तिला माहीत असायचं. दुकान कसं चालतं, गिऱ्हाईक कशाने नाराज होतं, हे मी पाचवीत असल्यापासून बघतेय.

खारटपणाचं: उदोनच्या पिठात मीठ असतं, पण शिजताना त्यातलं बरंच पाण्यात जातं. वरचं खाणं सुरू झालं की मऊ शिजवलेलं उदोन बाळाला देणं इथे घरोघरी चालतं. रस्सा मी दिला नव्हता. तसं लेखात लिहिलंही होतं, पण वाचायचं कोणी.

"जपानी माणूस नाही म्हणत नाही", हे नेमकं कुठून ऐकलंत? म्हणतो की. दारावर लिहून म्हणतो. शाळेत न जाणाऱ्या मुलांना आणू नये असं जिथे असतं तिथे 'गोएन्र्यो कुदासाई' अशी पाटी असते, म्हणजे कृपया संकोच करावा. एप्रिल 2020 पासून ज्या दुकानात सिगारेट ओढायला परवानगी आहे तिथे तर 20 वर्षांखालच्यांना कायद्यानेच प्रवेश नाही, आणि तसं दारावर लावावं लागतं. या दुकानाच्या दारावर फक्त नोरेन होता, म्हणजे दारावरचा कापडी पडदा, निळा, कडेला विरलेला. तरी मी तो बाजूला करून बाहेरूनच विचारलं, बाळ आहे, चालेल का? मालकांनी मागच्या ताटामीच्या, म्हणजे गवती चटईच्या, बैठकीकडे बोट केलं. त्यांच्या बायकोने दोन उशा जोडून ठेवल्या, एक छोटा वाडगा आणला, आणि न मागता उदोन कापायला कात्री. निघताना चटईच्या विणीत अडकलेले उदोनचे तुकडे मी नखाने एकेक करून काढले. हे लादणं असेल तर असो.

राहता राहिले फोटोतले ते गृहस्थ, ज्यांच्यावर तुम्ही एवढा कळवळा दाखवलाय. लेक एकदाच ओरडली, तीही आनंदाने, चमचा आपटून. ते लगेच उठले हे खरं. पण त्यांचं जेवण झालेलंच होतं. ग्लासात थोडी बिअर उरली होती, अर्ध्याच्या आसपास असेल. जाताना माझ्याकडे बघून हलकीशी मानही लववली त्यांनी.