माती थंड नसते, हे मान्य: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार, एवढं मनापासून आणि मुद्देसूद लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की माझ्या लेखातलं जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंतींचं कौतुक म्हणजे निव्वळ नॉस्टॅल्जिया, माती काही इन्सुलेटर (उष्णता अडवणारी) नाही, दमट हवेत असल्या घरात जीव गुदमरतो, पाणी-वाळवी-भूकंप यांचं काय, आणि घरं इतकी चांगली होती तर लोकांनी सोडली का. यातलं निम्मं मला पटलंय, म्हणूनच दोन ओळीत न उरकता लिहितोय.

पहिल्यांदा माझी चूक. 'माती उष्णता अडवते' असं मी लेखात लिहिलं होतं, ते चुकीचं आहे. तेवढ्याच जाडीच्या थर्माकोलपेक्षा मातीतून साधारण 20 पट उष्णता आत येते. ते वाक्य मी बदललंय. पण जाड भिंत जे काम करते ते अडवायचं नाहीच, उशीर करायचं आहे. दुपारी बाहेरच्या अंगाला ऊन लागतं, ती उष्णता भिंतीतून हळूहळू आत सरकते, बरीचशी वाटेत भिंतच तापवण्यात खर्ची पडते, आणि 50 सेंमी जाड भिंत असेल तर उरलेली आत पोचेपर्यंत 12 तासांच्या आसपास जातात, तोवर बाहेर रात्र झालेली असते, मग दारं-खिडक्या उघडल्या की आत शिरणारी गार हवा भिंतीलाही निववते आणि सकाळी भिंत पुन्हा ऊन झेलायला तयार. 10 सेंमी काँक्रीटमधून तीच उष्णता तीनेक तासात आत येते. अजून एक, दिवसा घर बंद आणि रात्री उघडं हे ज्या घरात पाळलं जात नाही तिथे जाड भिंतीचा फायदा बराचसा वाया जातो, आणि मला वाटतं 'आम्ही राहून बघितलं, काही गार वाटलं नाही' म्हणणाऱ्या पुष्कळांचं नेमकं इथेच बिनसतं.

तुम्ही आकडे मागितलेत. इजिप्तचे आर्किटेक्ट हसन फाथी यांनी 1964 च्या मार्चमध्ये कैरोला दोन छोट्या खोल्या शेजारी शेजारी तपासल्या, एक मातीच्या विटांची, 50 सेंमी भिंती आणि वर घुमट-कमान, दुसरी 10 सेंमी जाडीच्या तयार काँक्रीट पॅनेलची. मातीच्या खोलीत दिवसभरात तापमान 21 ते 23 अंशांच्या मध्येच राहिलं, काँक्रीटच्या खोलीत 36 पर्यंत गेलं, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही 9 अंश जास्त! आता तुम्ही म्हणाल ही तुलना सरळ नाही, आणि ते खरंय, जाडी वेगळी, छप्पर वेगळं, आणि मार्च म्हणजे काही कडक उन्हाळा नव्हे. पण मला त्यातून जे दिसतं ते हेच की निकाल मातीने कमी आणि जाडीने, छपराने जास्त लावला. जाड दगडाची किंवा विटांची भिंतही हे काम बऱ्यापैकी करते.

दमट हवेबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि लेखात हे मी वेगळं सांगायलाच हवं होतं. जिथे रात्रीही तापमान फारसं उतरत नाही तिथे भिंत निवायची कधी? तिथे घाम वाळायला वारा लागतो, बाकी सगळं नंतर. म्हणून तर आग्नेय आशियातली जुनी घरं अगदी उलट आहेत, खांबांवर उचललेली, बांबूच्या पातळ भिंती, उतरतं छप्पर आणि लांब वळचण. तिथे कुणी जाड मातीचं बंद घर बांधलं तर मी तुमच्या बाजूने भांडेन.

भूकंपाचं उत्तर गोड करून देता येत नाही. 2003 मध्ये इराणमधल्या बाममध्ये मातीच्या विटांची घरं जड छपरांसकट कोसळली आणि 26 हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याच देशातल्या यज्दमधल्या दौलताबाद बागेचा 33 मीटरचा वारा पकडणारा मनोरा दाखवून सगळे (मीसुद्धा) भारावून लिहितात, पण बामचं नाव त्याच दमात घ्यायला हवं. भूकंपप्रवण भागात मजबुतीकरणाशिवाय मातीची भिंत नकोच.

आणि लोकांनी घरं सोडली कारण देखभाल जड जाते. मालीमधल्या जेन्नेच्या मशिदीला अख्खं गाव मिळून दर वर्षी नव्याने मातीचा गिलावा करतं, एकट्या कुटुंबाला हे कसं झेपणार? खुद्द फाथींनी लुक्सॉरजवळ वसवलेल्या मातीच्या घरांच्या नव्या गुरना गावात जायला बऱ्याच गावकऱ्यांनी नकार दिला. त्यांना मी चूक म्हणत नाही, आणि एसी लावणाऱ्यांनाही नाही.

मला पोचवायचं होतं ते एवढंच की ऊन कुठे अडवायचं आणि रात्रीचा गारवा कसा साठवायचा हे जुनी घरं बांधणाऱ्यांना नीट कळत होतं, आणि ते काँक्रीटच्या घरातही चालतं. तुम्ही शेवटच्या मजल्यावर राहता असं लिहिलंय. मग रात्री नऊला छताला हात लावून बघा. ते भिंतीपेक्षा गरम लागलं तर तुमचा उकाडा हवेचा कमी आणि छतातून अंगावर येणाऱ्या धगीचा जास्त आहे, त्यावर पंखा वाढवून फार फरक पडत नाही. गच्चीला पांढरा रंग किंवा वर सावली, आणि पश्चिमेच्या खिडकीला आतून पडद्याऐवजी बाहेरून चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा), कारण काचेतून आत आलेलं ऊन पडद्याने परत जात नाही. आधी गच्चीचं करा, मग पुन्हा रात्री नऊला हात लावून काय वाटतं ते कळवा.