तीन पत्ती येते म्हणून पोकर येत नाही

गणपतीचं जागरण जवळ आलं की एक मेसेज फिरायला लागतो: ‘तीन पत्ती येते ना? मग पोकर आलंच! पानं जास्त, बाकी सगळं तेच. एका रंगाची दोन पानं आली की भिडायचं. उरलेलं काम चेहरा करतो.’ यंदा घरच्या ग्रुपवर तो मामांनी टाकला. मामा, तुमचा मान राखून सांगतो, यातलं पाळलंत तर डावावर लावलेल्या शेंगा सगळ्या मामीकडे जाणार.

‘बाकी सगळं तेच.’ मुळीच नाही. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं) कलरच्या (सगळी पानं एकाच रंगाची) वर, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. कारण मोजणीत आहे. तीन पानांचे एकूण हात 22,100. त्यात साधे सिक्वेन्स 720, कलर 1,096. पाच पानांचे हात 25,98,960. त्यात सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108 च. दुर्मीळ ते वर. (तीन पत्ती स्वतः हा नियम पाळत नाही. प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचा सिक्वेन्स) 48 आणि ट्रेल (तिन्ही पानं सारखी) 52, तरी ट्रेल मोठी!) पोकरमध्ये मात्र तीन एक्केवाला साध्या सिक्वेन्सला हरतो. ब्लाइंडचंही तसंच. तीन पत्तीत आपल्या मर्जीने पानं न बघता खेळायचं, पोकरमध्ये डीलरच्या डावीकडच्या दोघांनी पानं वाटण्याआधीच सक्तीने डाव लावायचा.

‘एका रंगाची दोन पानं.’ टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातात दोन पानं, मधली पाच सगळ्यांची. मधली पहिली तीन उघडताच कलर पुरा होणं साधारण 119 डावांत एकदा. साधारण नवांत एकदा मात्र चार बदाम जमतात आणि माणूस पाचव्याच्या आशेवर बसतो.

समजा एकच पान उघडायचं राहिलंय. न दिसलेली पानं 46, त्यांत बदाम 9. म्हणजे पाचांत एकदासुद्धा धड नाही. मध्ये 30 शेंगा आहेत आणि मामीने आणखी 30 टाकल्या. तुम्हाला 30 घालून 90 च्या ढिगासाठी खेळायचंय, म्हणजे तीनांत एकदा तरी जिंकायला हवं. पॅक करा, म्हणजे डाव सोडा. मामीने 6 च टाकल्या असत्या, तर 42 साठी 6. सातांत एकदा पुरे, खुशाल खेळा. पानं तीच, चेहरा तोच.

आता चेहरा. मामांचा चेहरा खरंच कोरा असतो, ते कबूल. पण परवा तीन फेऱ्या ते नुसतं ‘चेक’ (काही न लावता पुढे) म्हणत बसले, शेवटी चौकट सत्ती पडली आणि अख्खा ढीग पुढे सरकवला. त्या सत्तीने कुणाचा सिक्वेन्स होत नव्हता, कलर तर नाहीच. म्हणजे ही बहुधा थापच. मामीने चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नव्व्यांची जोडी दाखवली आणि शेंगा पदरात घेतल्या.