भारतीय गेंड्याचं हत्यार शिंग नव्हे, दात

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर दोन गेंड्यांच्या झुंजीची क्लिप फिरतेय. खाली मजकूर: 'काझीरंगातले गेंडे शिंगाने एकमेकांना ठार मारतात. कातडी इतकी जाड की गोळीही लागत नाही. वनखात्याने शिंगं कापली की झुंजी थांबतील.' तिन्ही वाक्यं चूक आहेत, तिसरं तर धोक्याचं.

आधी क्लिप नीट बघा. दोन शिंगं, अंगावर घड्या नाहीत. म्हणजे हे आफ्रिकेतले. काझीरंगाच्या गेंड्याला शिंग एकच आणि कातडीला ठळक घड्या. आफ्रिकेतल्या दोन्ही जातींना पुढचे दात नसतात, त्यामुळे ते शिंगानेच भिडतात. भारतीय गेंड्याच्या खालच्या जबड्यातले पटाशीचे दोन दात मात्र सुळ्यांसारखे वाढतात, थोराड नरात १३ सेंटीमीटरपर्यंत. झुंजीत तो तोंड वासतो आणि मान फिरवून दात ओढतो. म्हणून जखम भोसकल्यासारखी नसते, विळा फिरवल्यासारखी लांब असते: बरगड्यांवर, मांडीवर, पळणाऱ्याच्या पुठ्ठ्यावर. नेपाळच्या चितवनमध्ये वरचढ नरांचं वेगळेपण या दातांच्या लांबीत दिसलं, शिंगाच्या नाही.

शिंगही आपल्या राधानगरीच्या गव्यासारखं नसतं. गव्याच्या शिंगात हाडाचा गाभा असतो. गेंड्याचं शिंग नुसतं केराटीन, म्हणजे नखा-केसांचंच द्रव्य, झुंजीत तुटलं तरी पुन्हा वाढतं.

गोळीचं म्हणाल तर काझीरंगात शिकारी बंदुकीनेच गेंडे मारत आलेत. कातडी मान-खांद्यावर जाड, पण घड्यांच्या आत आणि जांघेत मऊ. झुंजीतली जखम तिथे झाली की पावसाळ्यात चिघळते, अळ्या पडतात, आणि जनावर कित्येकदा झुंजीनंतर काही दिवसांनी दगावतं.

आता शिंगं कापण्याचं. नामिबियात १९८९ पासून कापतात, पण शिकाऱ्यांपासून वाचवायला. आसामात कापली तरी दात तसेच राहणार, म्हणजे झुंजीही तशाच. शिवाय प्रत्येक गेंड्याला भुलीचं इंजेक्शन मारावं लागेल. भूल चढेपर्यंत तो पळतो. उंच गवतात दिसेनासा होतो, बिलात (तिथल्या तळ्यात) किंवा दलदलीत पडला तर बुडतो. छातीवर फार वेळ पडून राहिला तर स्वतःच्या वजनाने पायांचे स्नायू निकामी होतात, उन्हात अंग तापतं. शिंग परत वाढणार, म्हणजे एक-दोन वर्षांनी हा जीवघेणा खेळ पुन्हा.

झुंजी वाढतात त्या गेंड्यांच्या गर्दीने. थोराड नर तरुण नरांना हुसकतात, आणि जायला जागा नसली की तेच दोघे पुन्हा समोरासमोर येतात. २००८ पासून आसामातल्याच पोबितोरा अभयारण्यातून आणि काझीरंगातून मानस राष्ट्रीय उद्यानात गेंडे हलवले गेले. गर्दी हलकी करायची तर वाट ही आहे.