बद्धकोष्ठतेबद्दल कोणी बोलत नाही

कंबरदुखीवरचा लेख वाचला. त्यावरच्या तीव्र वेदनाशामकांची (ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गीय औषधांची) सवय लागते, हे त्यात नीट आलंय. पण त्याआधीचा प्रश्न राहिला: मुळात ती गुण किती देतात? २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातली 'ओपल' चाचणी प्रसिद्ध झाली. नव्याने कंबर किंवा मान धरलेल्या ३४७ जणांपैकी काहींना ऑक्सिकोडोन-नॅलॉक्सोन हे असंच एक तीव्र वेदनाशामक दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी औषधाविना गोळी. ६ आठवड्यांनी दुखण्यात म्हणावा असा फरक नव्हता!

या औषधांनी होणारा रोजचा छळ मात्र बद्धकोष्ठतेचा. कंबर धरलेली असताना कुंथावं लागणं म्हणजे काय, ते भोगणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय गुंगी, आणि वयस्कर माणसांना तोल जाऊन पडायची भीती. याच वर्गातलं ट्रामाडॉल 'हलकं' समजून घेणारे बरेच आहेत. त्याने फिट येऊ शकते, नैराश्यावरच्या काही गोळ्यांसोबत तर ते धोक्याचंच. बरेच दिवस घेत असाल तर एकदम थांबवूही नका, डॉक्टरांकडून डोस हळूहळू कमी करून घ्या.

लेखातला 'पूर्ण विश्रांती'चा सल्ला काही पटला नाही. झेपेल तेवढं हिंडतंफिरतं राहिलेलंच बरं. मात्र लघवी अडली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा.